पाणभुंगेरा, सॅलॅमँडर आणि तळ्याचा काठ



विषयाचं पत्रक लागल्यापासून मला एकच प्रश्न विचारला जातोय: भिवंडीत सॅलॅमँडर आला कुठून? आलेला नाही. येणारही नाही. का नाही, ते पुढे सांगतो, कारण त्या नसण्यालाही मोठा इतिहास आहे. पाणभुंगेरा मात्र आपल्या तालुक्यात पाऊस पडला की हजर असतो. पडघ्याकडच्या भातखाचरात चिखलणी झाली, पाणी जरा निवळलं, की बांधावर उकिडवं बसून पाहा. दहा-पंधरा मिनिटांत दिसला नाही तर खाचरात काहीतरी जास्तच फवारलंय असं समजायला हरकत नाही.

एक इथला आणि एक परमुलखातला, एक कीटक आणि एक उभयचर, अशी जोडी लावायचं कारण सरळ आहे. साचलेल्या पाण्यात राहायचं आणि तरी श्वास घ्यायचा, ही अडचण दोघांचीही. दोघांनी तिच्यावर काढलेले उपाय मात्र एकमेकांच्या अगदी उलट. एकाने अंग बंद केलं, दुसऱ्याने उघडं टाकलं. हे दोन उपाय शेजारी ठेवले की आपण ज्याला तळं म्हणतो ते नेमकं कुठून कुठवर असतं, हे दिसायला लागतं. आज मला बोलायचंय ते त्याबद्दल.

आधी आपल्या पाहुण्याकडे, म्हणजे खरं तर यजमानाकडे पाहू. आपल्याकडे सहज भेटतो तो सिबिस्टर वंशातला पाणभुंगेरा. इंचभर लांब, काळपट हिरवा, कडेने पिवळी किनार. अंग असं घोटीव की बोटांच्या चिमटीतून निसटतो. मागचे दोन पाय चपटे, त्यांना केसांची झालर, आणि पोहताना ते दोन्ही पाय एकाच वेळी मागे मारतो. हे लक्षात ठेवा, कारण त्याच पाण्यात त्याच्यासारखा दिसणारा दुसरा एक भुंगेरा असतो, तो पाय आळीपाळीने मारतो. तो वेगळ्या कुळातला. त्याच्याकडे नंतर येऊ.

आता हा श्वास घ्यायला वर कसा येतो ते बघा. डोकं खाली, शेपटीकडची बाजू वर. पाण्याच्या पृष्ठाला मागचं टोक टेकवतो, क्षणभर लटकतो आणि पुन्हा खाली सूर मारतो. त्या क्षणात काय झालं? त्याच्या पाठीवर दोन कठीण पंख आहेत, डब्याच्या झाकणासारखे घट्ट बसणारे. त्या झाकणाखाली पाठ आणि पंख यांच्यामध्ये पोकळी असते आणि श्वसनरंध्रं त्या पोकळीत उघडतात. टोक वर काढून त्याने शिळी हवा सोडली, ताजी भरून घेतली. खाली गेल्यावर कधीकधी शेपटीशी चंदेरी बुडबुडा चिकटलेला दिसतो. तो त्याच साठ्याचा बाहेर डोकावणारा भाग.

या बुडबुड्याची खरी करामत डेन्मार्कच्या रिचर्ड एगे या संशोधकाने 1915 साली मांडली. आपल्याला वाटेल, बुडबुड्यातला ऑक्सिजन संपला की खेळ संपला. तसं होत नाही. हवेत पाचातले चार हिस्से नायट्रोजन. किडा ऑक्सिजन वापरतो, बुडबुड्यातला ऑक्सिजनचा दाब उतरतो आणि पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन आपणहून बुडबुड्यात शिरतो. बाहेर टाकलेला कार्बन डायऑक्साइड पाण्यात चटकन विरघळून जातो. नायट्रोजन मात्र सावकाश निसटतो, आणि तो आहे तोवर बुडबुड्याला आकार आहे. म्हणजे ज्या वायूचा किड्याला श्वासासाठी काडीचा उपयोग नाही, त्याच्याच जिवावर हे सगळं उभं आहे. एगेने पाणकिड्यांना साध्या हवेऐवजी शुद्ध ऑक्सिजनचा बुडबुडा देऊन पाहिला. ते जास्त वेळ टिकायला हवे होते ना? उलट लवकर गुदमरले. नायट्रोजनच नाही म्हटल्यावर बुडबुडा बघता बघता आटला.

मोठ्या पाणभुंगेऱ्यांची भूक मोठी. त्यांना एवढ्याने भागत नाही, भरून आणलेल्या साठ्यावर आणि वरच्या फेऱ्यांवरच त्यांची मुख्य मदार. पाणी कोमट असेल तर फेऱ्या वाढतात, कारण अंग तापलं की ऑक्सिजनची गरज वाढते आणि कोमट पाण्यात तो मुळातच कमी विरघळतो. तत्त्व मात्र लहानमोठ्या सगळ्यांना तेच: आपली हवा आपण बरोबर न्यायची आणि अंगाला पाणी लागू द्यायचं नाही.

जगात पाणभुंगेऱ्यांच्या चार हजारांहून अधिक जाती आहेत. आपल्या भागातल्या जातींची शिस्तीत मोजदाद केली ती भारतीय प्राणी सर्वेक्षण खात्याच्या टी. जी. वझिरानी यांनी. आशियाच्या या टापूतल्या पाणभुंगेऱ्यांची त्यांची सूची 1977 ची. अशी कामं करणाऱ्यांची नावं आपल्याकडे कुणी चौकाला देत नाही, म्हणून मुद्दाम सांगितलं.

हे झालं प्रौढाचं. त्याची अळी म्हणजे निराळंच प्रकरण. लांबट, सहा पायांची, चपट्या डोक्याची, आणि डोक्यापुढे दोन वाकडे विळे. इंग्रजीत तिला पाण्यातला वाघ म्हणतात, ते वाघाला जरा कमी लेखणारंच आहे, कारण वाघ निदान पोट भरल्यावर थांबतो. तिच्या विळ्यांच्या आतून बारीक पन्हळ गेलेली असते. भक्ष्यात विळे रुतवायचे, पन्हळीतून पाचक रस आत सोडायचा आणि आतलं मांस पातळ झालं की त्याच वाटेने शोषून घ्यायचं. उरते ती रिकामी साल. डासांच्या अळ्या, चतुरांची पिल्लं, बारीक मासे, बेडूकमासे, आणि दुसरं काही नसेल तर सख्खी भावंडं. सगळ्या जाती सरसकट सगळं खात नाहीत. काहींचा भर किड्यांवर, काहींचा बेडूकमाशांवर. पण तळ्याच्या उथळ कडेला, गवताच्या काडीला शेपटीचं टोक वर करून ही अळी लटकलेली असली, की आसपासच्या बेडूकमाशांची हालचाल मंदावते. त्यांना वासाने कळतं. पाण्यात मिसळलेल्या रसायनांवरून ते शत्रू ओळखतात, आणि काही जातींत तर त्या धास्तीने त्यांची शेपटी अधिक रुंद वाढते.

डासांचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. 1928 साली गांबुसिया नावाचा मासा डासांचा बंदोबस्त करायला भारतात आणला गेला. गप्पीही गावोगावच्या विहिरी-तळ्यांत सोडले गेले. डासांच्या अळ्या ते खातात, पण गांबुसियाला बेडकाची अंडी आणि पिल्लंही वर्ज्य नाहीत. जे काम पाणभुंगेऱ्याची अळी, चतुराचं पिल्लू आणि पाठपोहणे किडे मिळून फुकट करत होते, त्यासाठी आपण परदेशी गडी ठेवला आणि त्याने घरच्यांनाच बाहेर काढलं.

आता सॅलॅमँडर. चित्रात पाहिलं तर पहिल्यांदा पाल किंवा सरडाच वाटतो. चार पाय, लांब शेपटी. पण अंगावर खवले नाहीत, बोटांना नख्या नाहीत, आणि त्वचा ओलसर. नात्याने तो बेडकाचा भाऊ. शेपूट न टाकलेला उभयचर म्हणा हवं तर. जगात त्यांच्या सुमारे आठशे जाती. भारतात उभयचरांच्या चारशेहून जास्त जाती सापडतात, त्यांत सॅलॅमँडर मोजायला एका हाताची बोटं पुरतात, आणि ते सगळे एकाच वंशातले, ईशान्येकडच्या डोंगरांतले.

दार्जिलिंग आणि पूर्व नेपाळच्या डोंगरात राहणारा हिमालयी सॅलॅमँडर वीतभर लांब, तपकिरी, दोन्ही कुशींवर गाठींची रांग. 1871 मध्ये प्राणिशास्त्रज्ञ जॉन अँडरसन यांनी चीनच्या युनान प्रांतातून ज्या जातीचं वर्णन केलं, तिच्यातच दार्जिलिंगचा हा प्राणीही शंभरावर वर्षं गणला जात होता. 2015 मध्ये संशोधकांनी तो वेगळा काढला आणि त्याला हिमालयाचं नाव दिलं. सुखियापोखरीजवळ जोरपोखरी नावाचं अभयारण्य मुख्यतः याच प्राण्यासाठी आहे, जेमतेम चार हेक्टरचं. आपल्या तानसा अभयारण्याच्या एका कोपऱ्यात मावेल एवढं.

पाऊस सुरू झाला की हा डोंगरातल्या डबक्यांत उतरतो. मादी पाणवनस्पतींना अंडी चिकटवते. अंड्यातून निघालेल्या पिल्लाच्या मानेला दोन्ही बाजूंनी पिसाऱ्यासारखे कल्ले बाहेर लोंबत असतात. बेडूकमाशाचे कल्ले लवकर कातडीखाली जातात, याचे पिल्लूपण संपेपर्यंत उघडे. पुढे कल्ले झडतात, फुप्फुसं येतात, पिल्लू जमिनीवर चढतं. थंडीत दगडाखाली, कुजक्या ओंडक्याखाली, पाचोळ्यात पडून राहायचं, पावसाळ्यात पुन्हा पाण्यात.

श्वासाचं बोलायचं तर त्याच्या फुप्फुसांइतकीच त्याची कातडीही महत्त्वाची आहे. ओल्या कातडीतून ऑक्सिजन थेट रक्तात जातो, कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. मुख्यतः अमेरिकेतल्या एका मोठ्या कुळाने तर फुप्फुसं सोडूनच दिली. जगातल्या सॅलॅमँडरांच्या निम्म्याहून अधिक जाती त्या एका कुळातल्या, आणि सगळा श्वास कातडी आणि तोंडाच्या अस्तरातून. पाणभुंगेरा पाण्याला अंगाशी येऊ देत नाही. सॅलॅमँडर अंगच पाण्याच्या हवाली करतो.

युरोपात या बिचाऱ्याची ख्याती वेगळीच होती. तो आगीत राहतो असं लोक शेकडो वर्षं मानत आले. ओलावा शोधत ओंडक्यात शिरलेला प्राणी, ओंडका चुलीत गेल्यावर जिवाच्या आकांताने बाहेर धावणार, एवढंच त्यातलं तथ्य. सोनार-शिल्पकार बेन्व्हेनुतो चेल्लिनीने आत्मचरित्रात लिहिलंय की तो लहान असताना बापाने त्याला शेकोटीत सॅलॅमँडर दाखवला आणि लगेच एक सणसणीत ठेवून दिली. कशासाठी? आयुष्यभर लक्षात राहावं म्हणून! मग समजूत काढायला थोडे पैसेही दिले. त्याहून मोठी फजिती स्वित्झर्लंडच्या शॉइख्त्सर या निसर्गअभ्यासकाची. 1726 साली त्याने खडकातला एक सांगाडा पुराणातल्या महापुरात बुडालेल्या पापी माणसाचा म्हणून जाहीर केला. पुढे 1811 मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ क्युव्हिएने दगड कोरून पुढचे पाय मोकळे केले आणि दाखवलं की हा माणूस नव्हे, राक्षसी सॅलॅमँडर आहे. त्या जीवाश्माला आजही शॉइख्त्सरचंच नाव आहे, हा शास्त्रज्ञांचा खास खवचटपणा.

मेक्सिकोतला अ‍ॅक्सोलॉटल तुमच्यापैकी मुलांनी मोबाइलवर पाहिलेला असेल. तो मोठाच होत नाही. कल्ले तसेच ठेवून पाण्यातच वयात येतो, पाण्यातच अंडी घालतो. 1864 मध्ये काही अ‍ॅक्सोलॉटल पॅरिसला पोचले. तिथे प्राणिशास्त्रज्ञ ओग्युस्त द्युमेरिल यांच्या देखरेखीखाली त्यांना पिल्लं झाली, आणि दुसऱ्या वर्षी त्यांतल्या काहींचे कल्ले गळून ती चक्क जमिनीवरच्या सॅलॅमँडरसारखी दिसू लागली. सगळे चक्रावले. कारण पुढे कळलं: थायरॉईड. त्याचा स्राव पुरेसा झाला की उभयचराचं बालपण संपतं. 1912 मध्ये संशोधक गुडर्नाच यांनी बेडूकमाशांना थायरॉईड ग्रंथी खायला घातली, तेव्हा माशीएवढे बेडूक तयार झाले होते.

इथे कीटकाशी तुलना फार बोलकी आहे. कीटकाच्या शरीरात बालपण टिकवून धरणारा एक स्राव असतो. तो आहे तोवर अळी कात टाकून पुन्हा अळीच होते, तो उतरला की कोश. उभयचरात स्राव चढला की मूल मोठं होतं, कीटकात उतरला की. आणि दोघांच्या मोठं होण्यातही फरक. पाणभुंगेरा कोशातून बाहेर पडला, कवच कडक झालं, की मामला कायमचा. पुन्हा कात नाही, वाढ नाही, पाय तुटला तर तुटला. सॅलॅमँडरचा पाय तुटला तर हाड, स्नायू, नसा, बोटं यांच्यासकट नवा येतो. लाझारो स्पालान्झानी या इटालियन धर्मगुरूने हे 1768 मध्ये लिहून ठेवलं आणि अडीचशे वर्षांनंतरही जगातल्या प्रयोगशाळा त्याच कोड्यावर बसलेल्या आहेत. 2018 मध्ये अ‍ॅक्सोलॉटलचा जनुकसंच वाचून झाला: सुमारे 3,200 कोटी अक्षरजोड्या, माणसाच्या दसपट. उत्तर त्यात कुठेतरी असेल, पण पोथी केवढी!

मग सह्याद्रीत हा का नाही? पाऊस आहे, पाचोळा आहे, डबकी आहेत. उत्तर भूगोलात नाही, भूगर्भात आहे. सॅलॅमँडर हे उत्तरेकडच्या खंडांचं पीक. ते तिकडे पसरत होते तेव्हा भारताची भूमी दक्षिणेच्या महाखंडाचा तुकडा होती. मादागास्करपासून सुटून ती एकटी उत्तरेला सरकत होती, आणि आशियाला भिडली ती सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी. त्यानंतर सॅलॅमँडर आले ते ईशान्येच्या दारापर्यंत. पुढचा सखल, तापलेला मुलूख ओलांडणं ओल्या कातडीच्या, रांगत चालणाऱ्या प्राण्याच्या आवाक्यातलं नव्हतं.

बेडूक मात्र आपल्याकडे फार जुने. भिवंडीच्या पायाखालचा काळा कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. दोन लाव्हा-थरांच्या मधल्या काळात मुंबईच्या जागी गोड्या पाण्याची तळी साचत. वरळीच्या टेकडीत त्या तळ्यांच्या गाळात बारीक बेडकांचे सांगाडे मिळाले, आणि रिचर्ड ओवेन यांनी 1847 मध्ये त्यांचं वर्णन केलं. डायनासोर या शब्दाचे जनक ते हेच ओवेन. म्हणजे ज्वालामुखी धुमसत असतानाही इथल्या तळ्यांत बेडूक होते. आणि सॅलॅमँडरची उणीव भरून काढणारा तिसरा एक उभयचर आपल्याकडे आहे: देवगांडूळ. पाय नाहीत, डोळे नावालाच, जमिनीखाली राहतं. लोक गांडूळ किंवा साप समजून मारतात. आंबोलीत सापडलेल्या एका जातीला 2003 मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे जे. सी. डॅनियल यांचं नाव दिलं गेलं. खंडाळ्याची एक जात 1960 पासून शास्त्राला ठाऊक आहे. सॅलॅमँडर पाहायला दार्जिलिंगचं तिकीट काढण्याआधी आपल्या परसातलं देवगांडूळ ओळखावं, असं मी सुचवीन.

आता कोण कोणाला खातो? लोकांची अपेक्षा असते की हाडं असलेला प्राणी किड्याला खाणार. तळ्यात मात्र वशिला हाडांचा चालत नाही, आकाराचा चालतो. मे-जूनमध्ये सॅलॅमँडरचं बोटाच्या पेरभर पिल्लू पाणभुंगेऱ्याच्या अळीच्या विळ्यात सापडतं. तेच पिल्लू वाचून मोठं झालं की पुढच्या साली अळ्या त्याच्या पोटात. पूर्ण वाढलेल्या पाणभुंगेऱ्याच्या वाटेला मात्र सहसा कुणी जात नाही. त्याच्या मानेमागच्या ग्रंथींतून दुधासारखा द्रव निघतो. 1960 च्या दशकात हेर्मान शिल्डक्नेख्त या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने त्यात स्टेरॉइडं दाखवली, पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांच्या शरीरात असतात त्याच घराण्यातली. आपल्या सिबिस्टर वंशातल्या एका द्रव्याला तर सिबिस्टेरॉन असंच नाव आहे. माशाने गिळला तर मासा ओकून टाकतो. सॅलॅमँडरही कातडीत विष बाळगून असतो. शस्त्र दोघांचं सारखंच.

मघाशी तो आळीपाळीने पाय मारणारा दुसरा भुंगेरा बाजूला ठेवला होता. तो श्वासाला डोक्याकडून वर येतो आणि हवा पोटाखाली धरतो. त्याच्या एका बारीक, आशियातल्या भातखाचरांत राहणाऱ्या जातीवर जपानच्या कोबे विद्यापीठातल्या शिंजी सुगिउरा यांनी 2020 मध्ये प्रयोग प्रसिद्ध केला. बेडकाने हा भुंगेरा गिळला. बेडकाला दात जवळजवळ नसल्यासारखेच, तो सगळं अख्खंच गिळतो. भुंगेरा आतड्यातून चालत गेला आणि मागच्या दाराने, डोकं पुढे काढून, जिवंत बाहेर पडला. दहातल्या नऊहून जास्त भुंगेऱ्यांनी हे करून दाखवलं, तेही काही तासांत. सर्वांत चपळ गडी सहा मिनिटांत बाहेर! पायांना मेण चिकटवून ठेवलेले मात्र आतच मेले, म्हणजे सुटका पायांच्या बळावरच होती. अंग बंद ठेवण्याचा याहून मोठा फायदा मला तरी सांगता येणार नाही.

जमिनीवरच्या एका भुंगेऱ्याने तर पारडं पूर्ण फिरवलंय. इस्राएलमधल्या गिल विझेन आणि अविताल गासिथ यांनी 2011 मध्ये दाखवलं की एपोमिस नावाच्या भुंगेऱ्याची अळी मिशा हलवून बेडकाला खुणावते. बेडूक खायला झेपावतो, अळी चुकवते आणि त्याच्याच गळ्याला डसते. सॅलॅमँडरांचीही तिच्यापुढे तीच गत.

हे सगळं ऐकायला रंजक आहे, पण मी भिवंडीत उभा आहे आणि कामवारी नदीचं काय झालंय ते तुम्ही रोज पाहता. म्हणून दोघांना आपल्या पाण्यात सोडून बघू या.

उघड्या कातडीचा प्राणी पाण्यात काय आहे ते सगळं सोसतो. रंगाचं पाणी, कीटकनाशक, अमोनिया, जे विरघळतं ते कातडीतून आत. कातडीवरच येणारी बुरशी तर अशा प्राण्याचा श्वासच बंद करते. 2013 मध्ये नेदरलँड्समधल्या सॅलॅमँडरांचा फडशा पाडणारी अशी एक बुरशी ओळखली गेली, ती आशियातून पाळीव प्राण्यांच्या व्यापारात गेली असावी असं मानतात. आपल्या बेडकांचा वर्ग तोच, कातडी तशीच. बंद अंगाच्या पाणभुंगेऱ्याला यातलं बरंच लागत नाही. ऑक्सिजन संपलेल्या पाण्यातही तो वर येऊन हवा नेतो आणि जगतो. म्हणून एखाद्या काळ्या डबक्यात पाणभुंगेरे दिसले तर पाणी चांगलं आहे असं समजू नका. बेडूकमासे आहेत का ते बघा.

पण पाणभुंगेऱ्याचाही एक कच्चा दुवा आहे आणि तो नेमका आपल्या गावचा आहे: पाण्याचं पृष्ठ. त्याची सगळी मदार त्या पातळ पडद्यावर. त्यावर मागाचं वंगणतेल पसरलं किंवा साबणाचं पाणी आलं, की पृष्ठताण मोडतो, पाणी न धरणारे केस भिजतात, आणि ज्या पोकळीत हवा यायची तिथे पाणी किंवा तेल शिरतं. डासांवर जळकं तेल टाकतात तेव्हा हेच होतं, आणि ते डास व भुंगेरा असा भेद करत नाही. सॅलॅमँडरच्या कातडीला विरघळलेलं विष मारतं, पाणभुंगेऱ्याला तरंगणारं. आपल्या नाल्यांत दोन्हींची ददात नाही.

पाणी बिघडलं तर पाणभुंगेरा उडून जाऊ शकतो. कठीण पंखांखाली उडायचे पंख घडी घालून ठेवलेले असतात. तो रात्री उडतो आणि नवं पाणी शोधतो ते पृष्ठावरून परतलेल्या प्रकाशाच्या एका विशिष्ट खुणेवरून, जी आपल्या डोळ्यांना दिसत नाही आणि कीटकांना दिसते. अडचण अशी की काळी काच, काळं प्लास्टिक, सोलर पॅनेल आणि चकचकीत गाडीचा टप हेही तीच खूण दाखवतात, कधीकधी पाण्यापेक्षा ठळक. हंगेरीत 2006 मध्ये झालेल्या अभ्यासात लाल आणि गडद रंगाच्या गाड्यांवर पाणकिडे सर्वाधिक उतरले. नाशिक महामार्गाच्या कडेने माणकोलीपासून पडघ्यापर्यंत जिथे खाचरं होती तिथे आज गोदामं आहेत, बाहेर ट्रकांच्या रांगा, वर दिव्यांचे खांब. जूनच्या रात्री दिव्याखाली उताणे पडलेले भुंगेरे झाडणाऱ्या बाई केरात भरतात, ते तळं शोधायला निघालेले प्रवासी असतात. सोलर पॅनेलवर पांढऱ्या पट्ट्यांची जाळी आखली तर काही पाणकिडे कमी फसतात, असं 2010 मध्ये दिसून आलं. उपाय स्वस्त आहे. गोदामवाल्यांपर्यंत कुणी पोचवला तर.

राहता राहिला काठ, आणि इथे दोघं एकत्र येतात. पाणभुंगेऱ्याची अळी पाण्यात वाढते, पण कोश पाण्यात होत नाही. पूर्ण वाढ झालेली अळी, जिने आयुष्यात जमीन पाहिलेली नाही, ती पाण्याबाहेर सरपटत येते, काठाच्या ओल्या मातीत शिरते, आपल्या अंगाने दाबून एक गोल कोठी करते आणि तिथे कोशात जाते. काही आठवड्यांनी भुंगेरा माती उकरून बाहेर येतो आणि पाण्याकडे वळतो. सॅलॅमँडरला आणि आपल्या बेडकाला कल्ले किंवा शेपूट टाकताना नेमका हाच उतार लागतो. पाय फुटलेलं पण अजून नीट चालता न येणारं पिल्लू उथळ पाण्यातून चिखलावर आणि चिखलावरून गवतात जातं. बंद अंगाचा असो की उघड्या, त्या हातभर ओल्या मातीवाचून दोघांचंही आयुष्य पुरं होत नाही.

आपण तळ्यांचं सुशोभीकरण करतो तेव्हा पहिल्यांदा जातो तो हाच भाग. उभी भिंत, वर कठडा, फरशी, बाकडी, रंगीत कारंजं. पाणी स्वच्छही असेल. भिंतीला तोंड लावून अळी फिरत राहते आणि मरते. बेडूकपिल्लं कडेला पोहून पोहून दमतात. बाहेरून उडत आलेले मोठे पाणभुंगेरे अशा तळ्यात काही काळ दिसतात, त्यामुळे सगळं आलबेल वाटतं. ते वर्षभराहून जास्त जगतात. त्यांच्यामागून मात्र तिथलं कुणी येत नाही.

वऱ्हाळा तलाव असो, गावदेवीचं तळं असो की एखाद्या पाड्यामागचं डबकं, नव्या कामाचा नकाशा महानगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत लागेल तेव्हा एवढंच विचारा, की उतार कुठल्या बाजूला ठेवलाय. एक बाजू मातीची, तिरकी, गवताची, फार तर पंधरावीस पावलांची. पावसाळ्यात तिथे फरशी नको, औषध नको, गवतकापणी दसऱ्यानंतर. मुलांना बसायला बाकडी उरलेल्या तीन बाजूंना मिळतील. मिळालेल्या उत्तरात "उतार म्हणजे काय" असा उलट प्रश्न असेल, तर त्या इंजिनिअर साहेबांना जुलैत पडघ्याच्या बांधावर घेऊन जा. बॅटरी आणि गमबूट लागतील, बाकी काही नाही.